आक्कासाहेबांनी काचतळ्यातील पिले राखिली, त्याची हकिकत

श्री. जळी स्थळी जो अन्न पोहोचवितो, आणि जास्त झाले तर काढूनही घेतो, त्यास नमन करोन लिहिण्यास आरंभ केला आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिकमासी व पुढे जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले असे. राज्य कोणते, हे पुसू नये. तिसऱ्या मजल्यावरील दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा इतकाच मुलूख, आणि त्यात श्रीमंत नानासाहेब व त्यांचे कुटुंब आक्कासाहेब ऐसी उभयतां नांदत होती. कन्या मृण्मयी लग्न होऊन त्याच शहरी, नदीपलीकडे सासरी. नानासाहेब नोकरीतून निवृत्त जाहले, आणि वर्तमानपत्र वाचोन वाचोन कंटाळले, आणि मग दिवाणखान्यात काचतळे बसवोन त्यात गप्पी जातीचे मासे बाळगिते जाहले. आक्कासाहेबांचा अंमल मुदपाकखान्यावर. त्यांची ख्याती ऐसी की, त्या दारी आलेला मनुष्य, मग तो विजेचे मीटर पाहणारा का असेना, रिकाम्या पोटी परत गेला नाही. पाहुण्याने "पुरे" म्हटले तर ते त्यांच्या कानी पडत नसे. एकदा म्हटले तर भीड, दोनदा म्हटले तर रीत, तिसऱ्यांदा म्हटले तरी अर्धी पोळी, ऐसा त्या राज्याचा कायदा होता. कायदा चांगला का वाईट, हे ठरविणे बखर लिहिणाराचे काम नव्हे. परंतु स्वयंपाक उत्तम होत असे, इतके नमूद करणे प्राप्त आहे.

ऐसियास तळ्यातील थोरली मासळी गरोदर राहिली. गप्पीची जात अंडी घालीत नाही, जिवंत पिले देते, आणि देऊन मागे फिरोन तीच पिले गट्ट करिते. म्हणोन नानासाहेबांनी तळ्यात जाळीचा पिंजरा टांगोन बाळंतिणीस त्यात ठेविले, आणि पिले जाहली तैसे तिला बाहेर सोडिले, आणि पिले जाळीआड सुखरूप राहिली. एक एक पिलू म्हणजे दोन डोळे आणि मागे शेपटीची रेघ, याउपर काही नाही. मग नानासाहेबांनी अंडे उकडिले, तेही सज्ज्यातील जुन्या शेगडीवर, कारण मुदपाकखान्यात अंड्यास बंदी, आणि आतील पिवळा बलक फडक्यात घालोन पाण्यात पिळिला, आणि त्या पाण्याचे थेंब पिलांस घातले, आणि आक्कासाहेबांस बजाविले की, "हे माझं मी बघतो. तू यात हात घालू नकोस." इतके बोलोन दुपारचे निजले. मग आक्कासाहेब तळ्याजवळोन जात होत्या, तो सारी पिले झुंडीने काचेपाशी धावोन आली आणि तोंडे उघडमिट करो लागली. त्यांस वाटले, उपाशी आहेत. वाटीत बलक उरला होता, तो चमच्याने घातला. चहाचे वेळी पिले पुन्हा धावली, तेव्हां बिस्किटाचा चुरा घातला. दिवेलागणीस मनात आले की, घरात बाळंतपण जाहले आणि शिरा नाही, हे बरे दिसत नाही; म्हणोन साजूक तुपातील शिरा केला आणि त्यातील चिमूट तळ्यात सोडिली. पिलांनी काय खाल्ले असेल ते असो. बाकीचे तळाशी बसोन नासले. सकाळी पाहतात तो पाणी पेजेसारखे पांढरे, वास सुटलेला, थोरले मासे वर तोंड काढोन धापा टाकीत आहेत, आणि पिले एकूणएक गतप्राण.

नानासाहेबांनी पाणी बदलोन थोरले मासे वाचविले. मुखातून शब्द इतकाच काढिला की, "तुला सांगितलं होतं." मग बोलणेच सोडिले. जेवावयास बसत, पानातले खात, हात धुवोन उठत. संवत्सर क्रोधी होतेच, त्यास आता घरात बिऱ्हाड मिळाले. आक्कासाहेबांस मात्र अबोल्याहून दुसरेच लागले होते. जन्मभर ज्या हाताने वाढिले, त्या हाताचे अन्न खावोन कोणी मरते, हे त्यांस ठाऊक नव्हते. त्या तळ्याकडे पाहीनात. भाजीत मीठ कमीअधिक होवो लागले.

पुढे महिनाभराने नानासाहेबांचे धाकटे बंधू यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, आणि नानासाहेब त्यांचे शहरी रवाना जाहले. जाताना थोरल्या माशांस किती घालावे ते सांगितले, आणि तेही भिंतीकडे पाहोन. ते गेले, आणि दुसरे दिवशी थोरली मासळी पुन्हा व्यायली. या जातीचे हे चमत्कारिकच आहे, एका संबंधावर अनेक बाळंतपणे होतात. आक्कासाहेबांनी पाहिले, आणि चहाच्या गाळणीने एक एक पिलू टिपोन जाळीत घातले. मग दूरध्वनीवर यजमानांस गाठिले.

"अहो, समजा, पुन्हा पिलं झाली, तर काय काय करायचं असतं?"

"झालीत का?"

"समजा म्हटलं."

"आता कशाला समजायचं?" ऐसे नानासाहेब तुटकपणे म्हणाले. परंतु विषय जिव्हाळ्याचा होता, राहवेना. मग आपणच बोलो लागले, "हे बघ, पिलाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. डोळ्यात मावेल तेवढंच घालायचं. दिवसातनं चार वेळा, पण काडीच्या टोकावर. उरलेलं तळाशी बसतं, ते नळीनं ओढून काढायचं आणि तेवढंच शिळं पाणी घालायचं. नळाचं ताजं नको, त्यात औषध असतं. आणि एक सांगतो, ती सदा भुकेलीच दिसतात. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"बरं," आक्कासाहेब म्हणाल्या. "भाऊजींचा गुडघा कसा आहे?"

पिले जाहली हे त्यांनी कळविले नाही. पुन्हा मेली तर निदान सांगावे तरी लागणार नाही, हा एक हिशेब. आणि जगली तर ते परत येतील तेव्हां आपल्या डोळ्यांनी पाहतील, हा दुसरा. मग त्यांनी राज्याचे कायदे फिरविले. रोज सकाळी शिळे पाणी ओतोन देण्याची चाल होती, ती मोडोन बादलीभर पाणी शिळे करोन ठेविले. सज्ज्यात बसोन अंडे आपल्या हाताने उकडिले, आणि मग पुन्हा स्नान केले. काडीच्या टोकावर बलकाचे पाणी घेवोन जाळीत सोडीत, आणि पिले काचेशी धावोन आली की पाठ फिरवोन सज्ज्यात जाऊन उभ्या राहत. हे लिहिण्यास सोपे आहे. ज्या बाईने भरल्या पोटाच्या जावयास चौथा लाडू खावविला, तिने भुकेल्या तोंडाकडे पाठ करणे म्हणजे काय, हे तिचे तीच जाणे. कधी कधी त्या सज्ज्यात उभ्या राहोन आपला उजवा हात डाव्याने धरोन ठेवीत. एक-दोन पिले तरी गेलीच, तेव्हां रडल्या. परंतु बाकीची वाढो लागली, शेपटीस रंग दिसो लागला, आणि आक्कासाहेबांच्या आमटीस पूर्ववत चव आली.

इतक्यात विहीणबाई, म्हणजे मृण्मयीच्या सासूबाई मंदाकिनीबाई, यांची स्वारी अगाऊ वर्दी न देता आली. मुलीच्या सासूचा मान म्हणजे काय, हे सांगणे नलगे. तिचे मन मोडिले तर त्याची झळ मुलीस पोहोचते. आक्कासाहेबांनी चौरंग पुसिला, बेसनाचे लाडू पुढे ठेविले, चूल पेटविली. मंदाकिनीबाई लाडवाची बशी हाती घेवोन तळ्यापाशी गेल्या, आणि पिले आपल्या सवयीप्रमाणे धावली.

"अगंबाई, किती गोड! पण भुकेजलीत हो बिचारी," विहीणबाई म्हणाल्या, आणि लाडू बोटांत चुरोन हात पाण्यावर नेला.

आक्कासाहेबांनी हातातील झाऱ्यासह धावत येवोन त्यांचे मनगट धरिले.

"पुरे, विहीणबाई. त्यांचं झालंय."

"एवढासा कण हो!"

"एवढासाच फार होतो."

"माझ्या हातचं चालत नाही म्हणायचं की काय?"

"माझ्याही हातचं चालत नाही," आक्कासाहेब म्हणाल्या. "मागच्या वेळी माझ्याच हातानं गेली सगळी."

विहीणबाईंनी मनगट सोडवोन घेतले आणि लाडू बशीत ठेविला. "आमच्याकडे घास घालणाराचा हात धरत नाहीत," म्हणाल्या. पाने मांडिली होती, वाफेचा भात झाकोन ठेविला होता. आक्कासाहेब म्हणाल्या, "दोन घास तरी खाऊन जा." तो विहीणबाई दारातून म्हणाल्या, "पुरे." आणि जिना उतरोन गेल्या. त्या राज्यातून उपाशी गेलेले हे पहिले माणूस, आणि तेही मुलीची सासू.

मग मृण्मयीचा दूरध्वनी आला. "आई, माशांपायी? घरी येऊन न जेवता बसल्यात. आता महिनाभर मलाच ऐकावं लागणार!"

"ऐकून घे," आक्कासाहेब म्हणाल्या. "मी डबा पाठवते, माफीही मागते. पण हात धरला तो धरलाच." आणि दूरध्वनी ठेविला, आणि देवघरापाशी बसोन डोळे पुसिले, आणि मग वेळ जाहली होती म्हणोन उठोन काडीच्या टोकावर पिलांस दिले.

नानासाहेब परत आले ते दुपारचे. पिशवी ठेविली, आणि सवयीने तळ्याकडे दृष्टी गेली, आणि तेथेच उभे राहिले. चष्मा काढोन पुसिला, पुन्हा लाविला. जाळीत पिलांची फौज फिरत होती. नानासाहेबांनी पाण्याचा वास घेतला, तळाशी वाकोन पाहिले. तळ स्वच्छ होता.

"समजा म्हणालीस ना?"

"म्हटलं होतं खरं."

"तू सांभाळलीस? एकटीनं?"

आक्कासाहेबांनी विहीणबाईंचे वर्तमान सांगितले. नानासाहेबांनी सर्व ऐकिले, आणि म्हणाले, "मीही जरा जास्तच धरलं. मासेच होते ते." आक्कासाहेब म्हणाल्या, "मासेच नव्हते," आणि पाने घेतली.

मग नानासाहेब जेवावयास बसले. दुसरा भात आला, त्यावर आमटी पडली, आणि त्यांनी पानावर हात आडवा धरोन म्हटले, "पुरे." संसारात हजारो वेळां म्हटले असेल, आणि हजारो वेळां त्या हाताच्या बोटांवरोन आमटी ओघळली असेल. यावेळी पळी थांबली. आक्कासाहेब भांडे घेवोन माघारी वळल्या. नानासाहेब आडवा हात तैसाच धरोन बसले, पानाकडे पाहिले, पाठमोऱ्या कुटुंबाकडे पाहिले, आणि मग हात काढोन लहान तोंड करोन म्हणाले, "अगं, तसं पुरे नव्हतं."

आक्कासाहेबांस आधी हसू आले आणि मग रडू आले, आणि रडता रडता त्यांनी पान भरेतो वाढिले.

येणेंप्रमाणे क्रोधी संवत्सरी पिले वाचली. विहीणबाईंचा राग संक्रांतीस तिळगूळ पोहोचोनही अर्धाच उतरला, आणि मृण्मयीस ऐकावे लागले ते लागलेच. "पुरे" हा शब्द त्या राज्यात तळ्यापुरता मंजूर जाहला. पानापुरता, खुद्द नानासाहेबांच्याच अर्जावरून, नामंजूर. हकिकत समाप्त.