अंगठा आणि नवी स्क्रीन

बायकोच्या फोनची काच कोपऱ्यात तडकली होती. त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं, पण दुपारी तिची मुलाखत होती. मुलं मोठी करण्यात बरीच वर्षं गेल्यावर तिला पुन्हा गणित शिकवायचं होतं, घरातूनच, याच फोनवरून. तर सकाळी चहा पिता पिता आपले गृहस्थ म्हणाले, "मुलाखतीला तडकलेली काच बरी नाही दिसत. मीच बदलतो स्क्रीन. दुकानात कशाला द्यायचा?"

(गृहस्थ एका गोदामात कारकून. शेजाऱ्यांची बंद पडलेली बेल एकदा त्यांच्या हातून वाजली, तेव्हापासून जिन्यात त्यांना 'इंजिनिअर' म्हणतात. ती बेल नंतर थांबेना, ही गोष्ट वेगळी.)

नवी स्क्रीन त्यांनी गुपचूप मागवूनच ठेवली होती. ती कशी बसवायची याचा व्हिडिओही त्यांनी मन लावून पाहिला. फक्त पाहिला तो त्याच फोनवर. घरातला दुसरा फोन म्हणजे त्यांचा स्वतःचा, बटणांचा, ज्यावर नुसतं बोलता येतं (आणि या साधेपणाचा त्यांना भारी अभिमान). त्यामुळे स्क्रू निघाले, जुनी काच उचकटली आणि पुढे काय करायचं हे सांगणाराच टेबलावर उघडा पडला.

बाकीचं त्यांनी आठवेल तसं केलं. नवी स्क्रीन जोडली, गोंद लावला, घट्ट दाबली. गोंद वाळल्यावर बशीत नखाएवढी एक धातूची पट्टी उरलेली दिसली. कंपनी एखादी जास्तीची देत असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

मग फोन सुरू केला. तो थरथरला, सुरू झाल्याची धून वाजली, आणि स्क्रीन काळीकुट्टच राहिली.

"झाला का?" बायकोने आतून विचारलं.

"झाला. फक्त दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?"

"तसं म्हटलं तर, काहीच."

ती बाहेर येऊन उभी राहिली. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले. इंजिनिअरांनी फोन बंद करून चालू केला, चार्जिंगला लावला, फुंकर मारली, तळहातावर आपटला. हिरव्या रेघा आल्या आणि गेल्या. पुन्हा उघडावा, तर गोंद असा चिकटून बसलेला की नवी काचही तुकड्यांनी हातात आली असती. दुकान गाठायला वेळ उरला नव्हता. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. इतकी वर्षं थांबलेल्या बाईच्या तोंडचा घास आपल्या हौसेने काढला, हे त्यांना कळत होतं.

हताश होऊन त्यांनी फोनच्या वरच्या कोपऱ्यावर अंगठा रेटला आणि चित्र आलं. अंगठा उचलला, गेलं. रेटला, आलं. ती उरलेली पट्टी आतली जोडणी दाबून धरायला होती, हे आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं. कपड्यांचा चिमटा लावून पाहिला, तो घसरला.

तेवढ्यात फोन वाजला, मुलाखतीचा व्हिडिओ कॉल.

"तसाच दाबून धरा," बायको म्हणाली. "आणि हलू नका."

ती खुर्चीवर, समोर इंजिनिअर गुडघ्यांवर, दोन्ही हातांत फोन उंच धरून, अंगठा कोपऱ्यावर. ती अपूर्णांक समजावून सांगत होती, इतके सोपे करून की त्यांनाही पहिल्यांदाच कळले. पलीकडच्या बाई मधूनमधून "छान, छान" म्हणत होत्या. इकडे अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो आपलाच आहे का अशी शंका यायला लागली. नाकावर घाम आला. एक शिंक आली, ती त्यांनी गिळली, आणि सगळा फोन हेलकावला. बायकोने डोळे वटारले, पण अपूर्णांक सोडला नाही.

"सोमवारपासून सुरुवात करा," शेवटी बाई म्हणाल्या. इंजिनिअरांचे डोळे भरून आले. "एकच सुचवते. तुमचा तो मोबाईलचा स्टँड बदला. फार डुगडुगतो, आणि त्यातून धापा टाकल्यासारखा आवाज येतो."

बायकोने स्टँडकडे नीट पाहून घेतलं.

"कल्पना आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण लग्नात मिळालेला आहे, म्हणून टाकवत नाही."