मथुराबाईंची भूल उतरते

शस्त्रक्रिया संपली. उजव्या जबड्याच्या हाडात नव्या दाढेचा स्क्रू पक्का बसला, वर टाके पडले. मथुराबाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी आरशात आपले तोंड पाहिले आणि आरसा पालथा ठेवला. ओठाचा उजवा कोपरा त्यांची परवानगी न घेता खाली ओघळला होता. त्यांनी एक बोट त्या ओठाकडे नेले आणि मग ते ठामपणे जमिनीकडे रोखले. अर्थ स्पष्ट होता : ही भूल ताबडतोब उतरवा.

“बाई, ती आपली आपण उतरते,” डॉक्टर सिमरन नरमाईने म्हणाल्या. “तीनचार तास लागतील.”

मथुराबाईंनी पुन्हा बोट जमिनीकडे रोखले.

“लगेच उतरवायचं इंजेक्शन असतं, पण ते आपल्याकडं मिळत नाही. गालाला हात लावू नका, गरम खाऊ नका, ओठ चावू नका. आणि जास्त बोलू नका.”

हा शेवटचा सल्ला मथुराबाईंना आयुष्यात प्रथमच मिळत होता.

येरमाळ्याच्या कन्याशाळेत त्या चौतीस वर्षे शिकवीत होत्या, त्यांपैकी निम्मी वर्षे मुख्याध्यापिका होत्या. तपासणीला आलेले साहेबसुद्धा त्यांच्यासमोर ‘श’ आणि ‘ष’ जपून उच्चारीत. शाळेत एखाद्या मुलीच्या अंगात आले, तर मथुराबाई देवीला सतराचा पाढा विचारीत. देवी निघून जाई. अशा बाईंनी अर्ध्या जिभेने बोबडे मराठी बोलणे शक्यच नव्हते. ओठ ताळ्यावर येईपर्यंत एक अक्षरही काढायचे नाही, असा निश्चय करून, दात रंगवलेली औषधांची पिशवी हातात धरून त्या धाराशिवच्या एसटी स्थानकावर गेल्या. गाडी चांगलीच उशिरा आली. ती मिळाली, खिडकीही मिळाली, आणि येथवर सारे शिस्तीत पार पडले.

घोटाळा पुढच्या बाकावरून सुरू झाला. तेथे लोहाऱ्याकडचे एक कुटुंब बसले होते : फेटेवाले रेवणसिद्ध, त्यांची पत्नी तारामती आणि सून समृद्धी.

“नंबर लागलाय म्हून काय झालं?” रेवणसिद्ध सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणत होते. “लातूरला जाऊन नर्स व्हायचं, आन् हितं घर कुणी बघायचं?”

“मामा, उद्या शेवटची तारीख हाय,” समृद्धी हळूच म्हणाली. “उद्या हजर न्हाय झाले तर जागा दुसरीला जाईल.”

“अवं, पोरगं तर हो म्हणतंय,” तारामती म्हणाली.

“ते पुण्यात बसून हो म्हणतंय. त्याला काय म्हशी हायत का तिथं? म्या न्हाय म्हणलो म्हंजी न्हाय. तरीबी तुझ्या समाधानासाठी येरमाळ्याच्या येडाईदेवीला इचारतो. आई म्हणली तर धाडतो. दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाय.”

मथुराबाईंच्या घशाशी एक संपूर्ण व्याख्यान येऊन थांबले. मुलीच्या शिक्षणाच्या आड येणाऱ्या माणसाला त्यांनी आजवर कधी सुका सोडला नव्हता, आणि हा माणूस तर हाताच्या अंतरावर बसला होता. पण जीभ उजव्या बाजूने ओल्या फडक्यासारखी पडून होती. येरमाळा तासाभराच्या आत येणार. भूल त्याआधी उतरलीच पाहिजे.

त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. पायाला मुंग्या आल्या तर माणूस पाय झटकतो. जबडा झटकायचा, तर तो डोक्याला जोडलेला असल्यामुळे डोकेच झटकावे लागेल. गालाला हात लावण्यास डॉक्टरांनी मनाई केली होती. डोक्याविषयी त्या काही बोलल्या नव्हत्या.

मथुराबाईंनी प्रथम मान डावीकडे झटकली, मग उजवीकडे. फरक पडेना, तेव्हा वेग वाढवला. पाचव्या झटक्याला आकडा निसटला, अंबाडा सुटला आणि पांढरे केस खांद्यावर आले. त्यांनी नाकाने जोरजोरात श्वास घेतला, कारण रक्ताभिसरणाला हवा लागते. नेमकी त्याच वेळी ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार सुटली.

तारामतीने मागे वळून पाहिले. तिने मथुराबाईंचे तोंड पाहिले, मांडीवरची पिशवी पाहिली, पुन्हा तोंड पाहिले. मग ती ताडकन उभी राहिली आणि तिने हात जोडले.

“आई राजा उदो उदो! अवं, उठा! आई गाडीतच आली!”

क्षणात गाडी उभी राहिली. म्हणजे गाडी धावतच होती, आतली माणसे उभी राहिली. कुणीतरी मथुराबाईंच्या कपाळी मळवट भरला. हळदीची चिमूट केसांवर पडली. “मी सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आहे,” हे वाक्य त्यांनी मनात शुद्ध जुळवले. पण त्यातले जोडाक्षर अर्ध्या जिभेने पेलणार नव्हते, म्हणून ते गिळले आणि डोळे वटारून सर्वांकडे पाहिले. त्याने लोकांची खात्रीच पटली.

कंडक्टर महारुद्र गर्दीतून वाट काढत आला. “बायांना अर्धं तिकीट हाय,” तो चिंतेने म्हणाला. “देवीचं मला ठावं न्हाय.”

“सरका वो तुमी!” तारामतीने त्याला मागे लोटले. “आई, सुनंला शिकायला धाडू का? धाडायचं असंल तर उजवा हात वर कर. न्हाय तर डावा.”

ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मथुराबाईंनी मान मोडून घेतली होती, तोच प्रश्न आयता समोर आला होता. आणि त्याला जीभ लागत नव्हती. त्यांचा उजवा हात इतक्या आवेशाने वर गेला की सामानाच्या फळीवर आपटला.

“उदो!” गाडी गरजली.

रेवणसिद्ध वाटेतच गुडघ्यांवर बसले. फेटा काढून त्यांनी हात जोडले. पण माणूस व्यवहारी. “आई, तुझा हुकूम शिरसावंद्य. पण म्हशींच्या धारा कोण काढंल?”

मथुराबाईंची तर्जनी सावकाश खाली आली आणि रेवणसिद्धांच्या नाकासमोर थांबली.

“म्या?”

उजवा हात पुन्हा वर गेला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले आणि लगेच खोकले.

वाटेतले येडशी गाव मागे पडले. रेवणसिद्ध फोनवर मुलाला ओरडून सांगू लागले, “किस्ना, आईचा हुकूम झालाय! समृद्धीला सकाळच्याला लातूरला सोडतो. धारा? त्येचंबी ठरलंय, ते इचारू नगो!” आणि त्याच सुमारास मथुराबाईंच्या ओठात मुंग्या धावल्या. मग जिभेवर हळदीची चव उमटली. मग जबड्यातून अशी कळ उठली की शंकेला जागाच राहिली नाही. भूल उतरली होती.

आता बोलता येत होते. शब्द जिभेच्या टोकावर सज्ज होते, जोडाक्षरांसकट : ‘आपला गैरसमज झाला आहे. ही देवी नव्हे, दाढ आहे.’ मथुराबाई आजन्म खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी तोंड उघडले. समोर समृद्धी पदराने डोळे टिपत, हसत बसली होती, आणि तिच्या शेजारी असा सासरा होता, जो देवीखेरीज कुणाचेच ऐकणार नव्हता.

मथुराबाईंनी तोंड मिटले. मग पूर्ण शुद्धीवर, पूर्ण जबाबदारीने, त्यांनी ओठाचा कोपरा खाली ओढला, तोंड वाकडे केले आणि येरमाळा येईपर्यंत तसेच धरून ठेवले. गाल दुखून आला, पण शिस्त मोडली नाही.

येरमाळ्याला उतरताना रेवणसिद्ध पुढे नारळ आणायला धावले. तारामतीने मथुराबाईंना हात देऊन खाली उतरवले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेले.

“बाई, येडशीपातूर तुमचं तोंड उजवीकडं वाकडं हुतं. आता डावीकडं हाय.”

मथुराबाईंचा ओठ आपोआप जागेवर गेला.

“आन् पिशवी तेवढी उलटी धरा. आमच्या ह्यांना वाचता येत न्हाय, पण दाताचं चितर कळतंय.” तारामतीने त्यांच्या केसांतली हळद झटकली. “गेल्या साली म्याबी दाढ काढली. दिसभर असंच गळत हुतं तोंड.”

“मग,” मथुराबाई कशाबशा म्हणाल्या, “ते उदो उदो?”

“घरात माझं कोण ऐकतंय, बाई? आईचं ऐकत्यात.” तिने डोंगरावरच्या देवळाकडे पाहून हात जोडले. “आईला म्या समजावते. बाईमाणूसच हाय ती.”

एवढे बोलून ती सुनेच्या मागे चालू लागली.

मथुराबाईंचा मुलगा रणधीर गाडी घेऊन फाट्यावर उभा होता. आईचे मोकळे केस, कपाळावरचा मळवट आणि पदरावरची हळद पाहून त्याने डॉक्टरांना फोन लावावा की कसे, याचा काही वेळ विचार केला.

“आई,” शेवटी त्याने बिचकत विचारले, “भूल उतरली का?”

जिभेत आता कसलीच अडचण नव्हती. मात्र चौतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात प्रथमच मथुराबाईंना शब्द सापडत नव्हता.

त्यांनी उजवा हात वर केला.