रंगाभाऊंची फरशी

रंगाभाऊंनी शूटिंग केलेल्या लग्नात नवरी कधी सरळ मांडवात येत नसे. आधी टीव्हीभर लाल-पिवळ्या चौकोनांची फरशी पसरायची. मग चौकोन बारीक बारीक होत जायचे, कुठंतरी नाक दिसायचं, मुंडावळ्या दिसायच्या, आणि आपण ‘आली, आली’ म्हणेपर्यंत पुन्हा फरशी. ती विरली की समोर जिलबीचं ताट. नवरी कुठं गेली? तर जिलबीत गेली.

केडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक वैशाली. तिनं पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणंच तुटलं. गल्लीत तो विषय कुणी काढत नसे. काढलाच तर रंगाभाऊ म्हणायचे, “च्या घेता का?” आणि चहा काही ठेवायचे नाहीत. पाहुण्यानं समजून उठायचं.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. रंगाभाऊंनी लग्नाच्या कॅसेटी जोडायला कॉम्प्युटर आणला. अख्खी गल्ली बघायला गेली. मीही गेले. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असा तिथल्या लोकांचा समज. मी मान हलवत उभी राहिले. काय करणार?

मशीन बसवायला आलेल्या माणसानं पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. एक दृश्य जाऊन दुसरं कसं यावं याच्या साठ-सत्तर तऱ्हा, सगळ्या इंग्रजीत. पान उलटल्यासारखं, दार उघडल्यासारखं, चक्र फिरल्यासारखं. रंगाभाऊंचं इंग्रजी बेताचं. ते बोट ठेवत ठेवत खाली आले आणि एकदम ओरडले, “हे आपलं हाय!”

काय होतं? तर ‘मोझॅक’. कॅमेरा हातात घेण्याआधी रंगाभाऊ फरशी बसवायचे. अर्ध्या केडगावातली मोझॅक फरशी त्यांच्या हातची, आमच्या घरातलीसुद्धा. गुडघे गेले तेव्हा त्यांनी थापी ठेवली आणि कॅमेरा उचलला. हा एक शब्द त्यांनी फरशीच्या कारखान्याच्या पाटीवर वीस वर्षं वाचला होता. त्या दिवसापासून त्यांनी यादीतल्या दुसऱ्या कशाला हात लावला नाही. बाकीचं सगळं वाया.

मग काय, बोलणंही तसंच झालं. “हितं फरशी टाकू.” “हितली फरशी जरा तिरकी बसली.” गिऱ्हाईक कॅसेट मागायला आलं की, “वली हाय अजून. आयतवारी या.” आता हे अगदीच खोटं नव्हतं. त्या वेळचा कॉम्प्युटर, एका फरशीला चांगला तासभर घ्यायचा. तेवढा वेळ रंगाभाऊ पंखा बंद करून, घाम पुसत, पडद्याकडं बघत बसायचे. खोलीत चपला घालून यायची बंदी.

“भाऊ, चपलेनं कॉम्प्युटरला काय होतंय?” मी एकदा विचारलं.

“वल्या फरशीवर कुनी चपला घालून येतं का? बाई, तुमी पोरांना शिकवता ना?”

मी मागं वळले. चपला दाराबाहेर काढून आले.

सोनईच्या एका लग्नात तर कहरच झाला. वरातीच्या घोड्याच्या तोंडावर फरशी सुरू झाली आणि उघडली ती थेट वरबापाच्या तोंडावर. चौकोन मोठे असताना घोडा कुठं संपतो आणि वरबाप कुठं सुरू होतो, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी सोनईहून जीपभर माणसं आली. “आमच्या अण्णांचा घोडा केलात तुमी!”

रंगाभाऊंनी त्यांना बसवलं. कॅसेट लावली, बोटानं दाखवलं. “नीट बघा. घोडा आधी हाय. घोड्याचे अण्णा झालेत, अण्णांचा घोडा न्हाई.”

जीपभर माणसांनी तीनदा पाहिलं आणि त्यांना ते पटलं! जाताना धाकट्या भावाच्या लग्नाची तारीखही देऊन गेली. आता बोला.

शूटिंग करताना रंगाभाऊ निम्मा वेळ भांडायचे. लोकांना फोटोची सवय. कॅमेरा आला की हातातली पळी हातात, घास तोंडात, सगळे खांबासारखे उभे. “हला की जरा! फोटू न्हाई ह्यो!” असं ओरडत ते मांडवभर फिरायचे. आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तर सगळ्यांवर कडी. आप्पांचं सायकलचं दुकान. कॅमेरा दिसला की ते पाठ फिरवायचे. आमच्याकडं त्यांचा एकच फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला, आणि त्यात ते फोटोग्राफरला मारायला निघाल्यासारखे दिसतात.

कॉम्प्युटर आल्यानंतरच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनीचं लग्न झालं. मी थोरली, माझं का झालं नाही तो विषय वेगळा, आणि त्यावर मीही चहा विचारते. सुनीला दिलं राजूरला. केडगावहून राजूर म्हणजे दिवसाचा प्रवास, वर डोंगरात. आप्पा लग्नात पंगती वाढत होते, आचाऱ्याला झापत होते, कुणावर ना कुणावर ओरडत होते. पाठवणीच्या वेळी मी सुनीला धरून रडत होते, त्यामुळे आप्पा कुठं होते ते मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही.

दिवाळीच्या आधी आप्पा गेले. दुकानात, पंक्चर काढता काढता.

नंतर आईनं एकच धोशा लावला. कॅसेट लाव. दर रविवारी मी रंगाभाऊंचा व्हीसीआर उसना आणायची आणि आम्ही दोघी सुनीचं लग्न बघायचो. सगळ्या लग्नात आप्पांची पाठच. फक्त पाठवणीच्या वेळी, सजवलेल्या जीपजवळ, ते एकदा कॅमेऱ्याकडं वळतात. टोपी हातात. तोंड दिसणार, दिसणार, आणि तेवढ्यात फरशी! विरते तेव्हा जीप वळणावर पोचलेली.

“थांबव गं तितं,” आई म्हणायची. मी थांबवायची. पडद्यावर नुसते तपकिरी, पांढरे चौकोन. आई उठायची आणि पदरानं टीव्हीची काच पुसायची. तिला कळत होतं की ते काचेवर नाही. तरी पुसायची. मला ते बघवत नसे. मला आप्पा हवे होते, आईला ते परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं, आणि तो सगळा राग मी रंगाभाऊंवर काढायचं ठरवलं.

गेले. चपला मुद्दाम घालून गेले.

“भाऊ, ती आमच्या कॅसेटमधली फरशी काढा.”

“कंची?”

“पाठवणीची. आप्पांच्या तोंडावरची.”

रंगाभाऊंनी माझ्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाले, “बसवलेली फरशी उकरायची नसती बाई.”

“उकरायची नसती म्हणजे? माझी आई दर रविवारी काच पुसते! अख्ख्या लग्नात टाकायला जागा मिळाली नाही तुम्हाला? जिलबीवर टाका, घोड्यावर टाका, माझ्या बापाच्या तोंडावर कशाला?”

“मूळ कॅसेटीवर दुसरं लगीन घेतलं.”

“खोटं बोलताय.”

खोटं बोलणारी तोंडं मी वर्गात रोज पाहत होते. रंगाभाऊ स्टुलावर बसले आणि गुडघा चोळायला लागले.

“तुमचे आप्पा आल्ते,” ते म्हणाले. “लग्नाच्या दुसऱ्या दिशी, सकाळी. सायकल बी भिताडाला टेकवली न्हाई, धरूनच हुते. म्हनले, रंगनाथ, मी रडलेलो सुनीला दिसाया नगं. तिकडं डोंगरात एकटी पोर, कॅसेट लावंल, तिचा जीव लागायचा न्हाई सासरी. तेवढं झाक. मी झाकलं. शब्द दिला हुता.”

 आप्पा रडले होते, हेच मला नवीन होतं.

“आन् ते एकलेच न्हाई येत,” रंगाभाऊ म्हणाले. “समदे बाप येत्यात. कुनी सकाळी येतं, कुनी चिठ्ठी धाडतं. भाऊ, तेवढं झाका. मंग मी फरशी टाकतो. एकल्या बापावर टाकली तर लोक म्हनतील ह्यात काय हाय, म्हनून समद्यावरच टाकतो. जिलबीवर बी.”

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती समजून घेईल आणि विषय संपेल. आई उठली, तोंड धुतलं, पातळ बदललं आणि निघाली. मी मागं मागं.

रंगाभाऊंच्या दारात तिनं चपला काढल्या. “भाऊ, शब्द कुनासाठी दिला?”

“सुनीसाठी, वहिनी.”

“मी सुनी हाय का?”

रंगाभाऊंनी नाही म्हणून मान हलवली.

“मी बायको हाय त्यांची. त्यांनी माझ्यापासनं झाका म्हनलं हुतं का?”

रंगाभाऊंनी बराच वेळ विचार केला. खरंच केला, डोळे मिटून, आप्पांचं बोलणं शब्द न् शब्द आठवत. मग म्हणाले, “न्हाई. तुमचं नाव न्हवतं घेतलं.”

ते मागच्या खोलीत गेले आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट घेऊन आले. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली, निळ्या पेनानं एकच शब्द: ‘बाप’.

मूळ कॅसेटीवर त्यांनी खरोखरच दुसरं लग्न घेतलं होतं. पण घेण्याआधी झाकलेला तेवढा तुकडा ते या कॅसेटवर उतरवून ठेवायचे. प्रत्येक लग्नाचा.

त्यांनी ती व्हीसीआरमध्ये घातली आणि आप्पा दिसले. जीपच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. अंगठ्यानं टायर दाबून हवा बघत होते. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा. टायर टणक होतं, ते त्यांनाही कळत होतं. तरी दाबत होते आणि खांदे हलत होते. मग कुणीतरी हाक मारली म्हणून ते उठून कॅमेऱ्याकडं वळले. टोपीनं तोंड पुसलं. पुसून झालं तरी पुन्हा भिजलं. असं तोंड मी आप्पांचं जन्मात पाहिलं नव्हतं.

आई आधी हसली. “हवाच बघत बसलेत, बाई!” आणि मग तिचं हसू मोडलं. ती रडली, मीही रडले. तिनं तीन वेळा मागं घ्यायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, “सुनीच्या कॅसेटीला हात लावू नगा. ऱ्हाऊ द्या तशीच.”

बोलण्याच्या नादात कॅसेट बंद करायची राहिली. पुढचे बाप येत होते. एक फेटेवाला रिकाम्या तांब्यातून पाणी पीत होता. एक जण रुखवताची भांडी पुन्हा पुन्हा रचत होता. एक शेतकरी भिंतीकडं तोंड करून मांडवाचा दोर सोडवत होता, त्या दोराला गाठच नव्हती. आम्ही तिघं बघत राहिलो.

“भाऊ,” आई म्हणाली, “वैशूच्या लग्नादिशी तुमी कुटं हुता?”

मला वाटलं, आता चहा विचारणार.

“सोनईला,” रंगाभाऊ म्हणाले. “शूटिंग हुतं. तिनं पत्रिका धाडली हुती. रजिस्टर लग्नाला कसली पत्रिका, तिनं हातानं लिहिल्याली. मी हट्टानं गेलो न्हाई.” मग म्हणाले, “लई याद येती, वहिनी. भांडन काय हुतं ते बी आता नीट आठवत न्हाई.”

“मग लिवा की पोरीला.”

“माझ्यानं न्हाई लिवनं हुयाचं.”

“ही हाय ना मास्तरीण. तुमी सांगा, ती लिवंल.”

मी तिथल्याच बिलबुकाचं कोरं पान उलटं करून लिहायला बसले. रंगाभाऊ भिंतीकडं बघत सांगायला लागले. चि. वैशालीस आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा दुखतो. इकडं पाण्याची ओरड आहे. कॉम्प्युटर घेतला. जावईबापूंना नमस्कार. असं पान भरत आलं. मग ते थांबले. मीही पेन उचलून थांबले.

“लिवा,” ते म्हणाले. “तुझ्या लग्नादिशी मी सोनईला दुसऱ्याच्या पोरीची पाठवनी घेत हुतो. इतकी वर्षं झाली, माझा कॅमेरा कवा हालला न्हाई. त्या दिशी हालला. हालतच राह्यला.”

मी लिहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. रंगाभाऊंनी उगाच कॉम्प्युटरचं झाकण सारखं केलं.

“बाई, ते कॅमेऱ्याचं ऱ्हाऊ द्या. तेवढं खोडा.”

मी “बरं” म्हटलं, कागदाची घडी घातली आणि पाकिटात टाकली. खोडलं नाही.