पन्नास वर्षांनंतरचं पाणी

मावळातल्या कान्हे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत अकरा घरांची एक वाडी आहे आणि त्या वाडीला एकच झरा आहे. राज्याची नैसर्गिक संपत्ती पुढील पन्नास वर्षे शाबूत राहावी म्हणून शासनाने 'दीर्घकालीन जतन कक्ष' स्थापन केला, तेव्हा या झऱ्याला रीतसर अनुक्रमांक मिळाला. वाडीला अजून रस्ता मिळालेला नव्हता. पण संपत्ती असली की शासन चिखलातूनही पोचतं.

झरा भागुबाईच्या हातातला होता. दरवर्षी शिमगा झाला की घरटी एक माणूस यायचं, कुंडातला गाळ उपसला जायचा आणि शेवटी भागुबाई आडवी पडून कातळाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालायची. आतली मुळं, पाला, चिखल ओढून काढला की पाणी खळखळून बाहेर यायचं. याला वाडीत 'डोळा उघडणं' म्हणत. सासूचा हात फटीत शिरेनासा झाला तेव्हा हे काम तिच्याकडे आलं, त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेली.

यंदा ती अशीच आडवी पडलेली असताना कक्षाच्या नियोजन अधिकारी समीक्षा मॅडम तिथे पोचल्या.

"मावशी, हात बाहेर काढा," त्या अतिशय सौजन्याने म्हणाल्या. "हा नैसर्गिक प्रक्रियेतला हस्तक्षेप आहे."

"अवो मॅडम, हात न्हाई घातला तर पाणी कसं यायचं?"

"तेच तर मोजायचंय. माणसाचा हात लागला नाही तर झरा किती टिकतो."

आठवड्याभरात तारेचं कुंपण आलं, त्यावर 'भावी पिढ्यांसाठी राखीव' असा फलक आला आणि चालू पिढीने खालच्या ओढ्यावर जावं, असा आदेश आला. ओढा डोंगर उतरून होता. पाणी वर आणताना भागुबाईच्या गुडघ्यांची पार वाट लागायची. तरी तिने मनाची समजूत घातली. सून पिंकी नववा महिना पोटात घेऊन बसली होती, म्हणजे भावी पिढी तर घरातच होती.

नात झाली, सव्वा महिना झाला आणि भागुबाई बाळ-बाळंतिणीला घेऊन लोणावळ्याला गेली. तिथल्या एका रिसॉर्टवर कक्षाची तीन दिवसांची कार्यशाळा चालली होती. विषय होता पाणीबचत. पोहण्याचा तलाव भरायला आलेल्या टँकरला वाट देऊन तिघी आत शिरल्या.

"ही घ्या पुडची पिडी," भागुबाई म्हणाली. "हिच्यापुरतं तरी झऱ्याचं पाणी द्या."

मॅडमनी बाळाचा गालगुच्चा घेतला आणि मग आराखडा उघडला. "गोड आहे हो! पण ही जन्मली ना, मावशी. म्हणजे चालू पिढीत आली. आमचे लाभार्थी अजून पन्नास वर्षांनी जन्मणार आहेत."

"मंग त्यांची आजी तवर काय पिऊन जगायची?" बाळाला पुढे करत पिंकीने विचारलं.

हा प्रश्न चांगला असल्याचं मॅडमनी कबूल केलं आणि तो पुढच्या कार्यशाळेसाठी टिपून घेतला.

मे संपता संपता डोळा मिटला. कुंड कोरडं पडलं. कक्षाने मोजमाप केलं आणि अहवाल गेला की झऱ्यातील पाण्याचा उपसा शून्यावर आला असून पन्नास वर्षांचं उद्दिष्ट पहिल्याच वर्षी साध्य झालं आहे. मॅडमचा सत्कार झाला. मग दुसऱ्या विभागाने विचारलं, पाणीच नाही तर ही संपत्ती कसली? तेव्हा झऱ्याचा अनुक्रमांक रद्द झाला आणि तो डोंगरउतार 'जतन करण्याजोगे काही नाही' या शेऱ्यानिशी बंगल्यांसाठी मोकळा झाला. कुंपण मात्र राहिलं. त्यावरचा फलक तेवढा बदलला.

भागुबाई धापा टाकत कक्षात पोचली. "मॅडम, झरा मेला न्हाई. आत पाणी हाय, मला ठावं हाय. अर्ध्या घटकेचं काम हाय, मला निस्तं आत सोडा."

"मावशी, हरकतीची मुदत संपली. झरा यादीतून काढण्याची सूचना पेपरात दिली होती आम्ही. तीस दिवस होते."

"मला वाचाया येत न्हाई."

"तुम्हाला नसेल. पण लाखो लोक वाचतात. झऱ्याचा नकाशा, वाडीचं नाव, सगळं छापलं होतं. एकानेही हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांची संमती."

"कोन ही मानसं? मी जाते त्यांच्याकडं. पाया पडते."

मॅडमनी नोंदवही चाळली. संमती देणाऱ्यांच्या रकान्यात 'समस्त वाचक' एवढंच होतं, पत्ता नव्हता. भागुबाई ओढ्यावर जायची वेळ झाली म्हणून निघाली.

सूचना सातव्या पानावर, तळाशी होती. तिच्या वर अर्धं पान भरून मावळातल्या डोंगरउतारावरच्या बंगल्यांचं रंगीत चित्र होतं. ते तुम्ही नीट पाहिलंत, घरातल्यांना बोलावून दाखवलंत आणि पान उलटलंत.