रामटेके काकांचे स्पीकर

रामटेके काका फाटक्या आवाजाशी बोलत नाहीत. फोनवर समोरच्याचा आवाज जरा खरखरला की "साफ नाही" एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात. मग पलीकडं बँकेचा माणूस असो नाहीतर स्वतःचा जावई. जावयाला आता सवय झालीय. तो बिलासपूरहून गच्चीवर चढून फोन लावतो आणि आधी घसा साफ करतो. कुकरची शिट्टी तर काकांनी माझ्यादेखत दोनदा बदलून लावलीय. "वाजून नाही राहिली, बोंबलून राहिली," हे त्यांचं शिट्टीबद्दलचं मत. गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याला त्यांनी एकदा थांबवून कोमट पाणी पाजलं, म्हणाले, "हां, अब चिल्लाओ." तो बिचारा पाणी पिऊन मुकाट पुढच्या गल्लीत गेला.

याला कारण त्यांची नोकरी. काका स्टेशनावर गाड्यांची घोषणा करायचे. मशीन यायच्या आधी खरा माणूस बोलायचा, तो हा माणूस. "आपला आवाज फाटला तर लोकाईची गाडी चुकते," असं ते अजून म्हणतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्या घशावर कुणाचा तरी प्रवास अवलंबून आहे हे काही त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा विट्याकडचा. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला मुलखभर जातात, तसा मीही आठवीतून शाळा सोडून निघालो आणि फिरत फिरत रायपूरला गोल बाजारातल्या एका गलाईच्या दुकानात येऊन पडलो. दिवसभर लोकांचं सोनं हातात. कुणाचं मंगळसूत्र, कुणाच्या आईची बांगडी. ते विस्तवावर ठेवायचं आणि जेवढं तेवढं परत द्यायचं. त्यामुळं माझा स्वभावच घाबरा झालाय. कुणी नुसतं "ऐक" म्हणालं तरी आपण काय चुकलो ते आठवायला लागतो.

रायपुरातल्याच गुढियारीत काकांकडं खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी गाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. म्हणाले, "बोल काही."

मी म्हणालो, "नमस्कार. मला खोली पाहिजे होती."

काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आवाज कापून राहिला, पण साफ आहे. राह्य."

अशी खोली मला त्याआधी कुठं मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी सुशीलाकाकूंनी न विचारता भाताचं ताट आणून दिलं, आणि पुढंही देत राहिल्या. त्या ताटाचं माझ्यावर फार ऋण आहे. काकूंचा एकच शब्द होता, "हव", म्हणजे हो. मी म्हणायचो, काकू, आज उशीर होईल, जेवायला थांबू नका. त्या म्हणायच्या, हव. आणि मी आलो की दोघं ताटं घेऊन बसलेले असायचे. मला वाटायचं, काय मायेची बाई आहे, सांगूनही ऐकत नाही.

आता गिटारीचं सांगतो. काका गिटार वाजवतात ती उभी धरून नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. सूर असा लांबत जातो की वाटतं कुणी माणूसच तोंड मिटून गातोय. त्या गिटारीला एक जुना अॅम्प्लिफायर आहे, काका त्याला बॉक्स म्हणतात. ट्रंकेएवढा, आत दोन मोठे स्पीकर. आजकालच्या पोरांना गिटारीचा आवाज मुद्दाम खरबरीत लागतो म्हणे, पण हा बॉक्स सरळ मनाचा. तारेतून जे निघेल ते तसंच बाहेर टाकतो.

दर बुद्धपौर्णिमेला आमच्या इथल्या विहारात संध्याकाळी गाणी होतात. काकू पुढं बसून गातात, मागं महिला मंडळ उचलून धरतं, बाजूला काकांची गिटार. लग्न होऊन आल्यापासून काकू तिथं गातात. पण गेल्या वर्षी ऐन गाण्यात बॉक्स फाटला. स्पीकरचा कागद चिरला असावा, सुराऐवजी नुसता पत्रा वाजायला लागला. काकू अडखळल्या, सूर सोडून भलतीकडं गेल्या आणि मधेच थांबल्या. लोक हसले नाहीत, पण माना खाली घातल्या. ते जास्त वाईट.

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष मेश्राम साहेब यंदा महिनाभर आधीच घरी आले. म्हणाले, "जयभीम, रामटेके. पाहा, मी साफ सांगतो. यंदा बॉक्स फाटला तर मी मोबाइलवरून ट्रॅक लावून देईन. पोट्ट्या गातील. वहिनीलेही आराम."

काकू म्हणाल्या, "हव."

साहेब जाताना दारात मला हळूच म्हणाले, "याले आपलीच गिटार ऐकवायची असते. बायको गाऊन राहिली हे याच्या ध्यानात तरी असते का?" मी नुसती मान हलवली. घाबरा माणूस मान हलवतो.

फाटलेल्या स्पीकरवर आधी काकांनीच इलाज केला. पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि वर काकूंची नेलपॉलिश लावली. लाल ठिपक्यांचा स्पीकर दिसायला छान दिसला. वाजला मात्र घुंगरू बांधल्यासारखा. "बदलवाच लागते," काका म्हणाले. "दोन्ही. अन् भारी वॅटचे."

आमच्या गल्लीत एक साहू भैया आहे, त्याची धुमाल पार्टी. धुमाल म्हणजे ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून मिरवणुकीत ढोल-ताशे दणकावणारी मंडळी. तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "कका, एला लगाव, छाती हाल जाही!" आणि त्यानं आपल्या ट्रकवरचे दोन स्पीकर काढून दिले. वॅट म्हणाल तर भरपूर. मी ते बॉक्सात बसवायला मदत केली, पाठीत उसण भरली. काकांनी तार छेडली आणि गिटार गोधडीत तोंड खुपसून बोलायला लागली. वरचा सूर गायब, नुसतं धम्म धम्म. शेजारची पोट्टी पळत आली, "दादाजी, बारात किधर है?"

"हा फक्त ढोल ओळखते," काका म्हणाले. "गिटारीले गिटारीचाच पाह्यजे."

मग एका रविवारी बॉक्स, गिटार, काका आणि मी असे ई-रिक्षात बसून बाजारात निघालो. मी वाटेत विचारलं, "काका, एवढासा हॉल, एवढे वॅट कशाला? कान फुटतील लोकांचे."

"वॅट म्हणजे ओरडनं नाही रे," काका म्हणाले. "वॅट म्हणजे सोसनं. मशीन जेवढा जोर लावते त्याच्या दुप्पट सोसणारा स्पीकर पाह्यजे. मंग किती भी वाढव, तोंड वाकडं नाही करत."

दुकानदार जाणता होता. गिटारीचेच स्पीकर त्यानं काढले, बॉक्सावर आठ ओहम लिहिलंय तर तेवढ्याचेच काढले. एकेक जोडी तो तारेला लावून देऊ लागला. काकांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "ही एकच तार. मी थांब म्हणेपर्यंत वाजवत राह्य." दुकानातली महागाची वस्तू आपल्या हातून जळाली तर, हेच मनात. आणि काकांनी काय करावं? खिशातून कापसाचे दोन बोळे काढले, दोन्ही कानांत कोंबले, वरून बोटं दाबली आणि स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले.

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. "बाबूजी, कान बंद करके कौन स्पीकर लेता है?"

"आवाज बढ़ाओ," काका म्हणाले, तेही ओरडून, कारण त्यांना स्वतःचंही ऐकू येत नव्हतं.

त्यानं वाढवला. काकांनी मान हलवली, नाही. दुसरी जोडी. नाही. शेजारचे दुकानदार जमा झाले. एकजण म्हणाला, "चाचा, आँख भी बंद कर लो, सस्ता पड़ेगा." सगळे हसले. माझे कान तापले, पण तार सोडायची हिंमत होईना. काका त्या हसण्यातही तसेच उभे, कोपरं बाहेर काढून, एखाद्या घंटेसमोर उभं राहावं तसे. जी जोडी आवाज वाढवत गेलं की कुरकुरायला लागे ती त्यांच्या चेहऱ्यावरच कळे. शेवटी एक जोडी लागली. मागं चुंबक एवढं जड की एका हातानं उचलेना. दुकानदारानं बटन पार वर नेलं, माझ्या छातीत धडधडलं, फळीवरच्या बाटल्या वाजल्या, पण सूर तसाच राहिला, कुठं चरा नाही. काकांनी कानांतून बोटं काढली. डोळे ओले होते. मला वाटलं, कापसाचा त्रास झाला असेल.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी बॉक्स विहारात नेला. आदल्या वर्षी होता तसा बाजूला, लोकांकडं तोंड करून ठेवला आणि तार जोडली. काका आले, बघितलं आणि म्हणाले, "इथं नाही. तिच्या समोर ठेव. तोंड तिच्याकडं."

"काका, मग लोकांकडं पाठ होईल."

"होऊ दे."

"पण गिटार लोकांना ऐकू—"

काका खाली वाकले, वायर सरळ करतोय असं दाखवत. हळू आवाजात म्हणाले, "तिले ऐकू येत नाही रे. दोन वर्षं झाले. कानातली मशीन घातली की भांडे पडल्यासारखं वाजते म्हणते, तं काढून ठेवते. मोठा अन् साफ सूर समोरून आला तंच तिले पकडता येते. फाटला की गेला. कोणाले सांगू नको. मंडळातून उठून जाईल ती."

मी बॉक्स उचलला आणि फिरवला. तेवढ्या वेळात मला ते सगळे "हव" आठवले, आणि बाजारात कानात बोटं घालून उभा राहिलेला माणूस आठवला. ते काकूंच्या कानांनी ऐकत होते.

मेश्राम साहेब लगबगीनं आले. "अरे, डब्बा उलटा ठेवला! रामटेके, काहून असं?"

मी कधी कुणा साहेबासमोर आधी तोंड उघडलेलं नाही. पण म्हणालो, "साहेब, नवीन स्पीकर आहेत. सुरुवातीला असेच ठेवतात." हे कुठून सुचलं ते मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते गेले.

काकू बसल्या. मागं मंडळ बसलं. काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि पहिला सूर लांबवला. काकूंचा हात मांडीवर होता, तो उचलला गेला. त्यांनी बॉक्सकडं बघितलं, मग डोळे मिटले आणि बरोबर त्याच सुरावरून गाणं उचललं. मला गाण्यातलं कळत नाही. पण सोनं गाळताना वरचा मळ जळून जातो आणि एकदम खालचा रंग दिसतो, तेव्हा माणूस बोलायचं थांबतो, तसा सगळा हॉल थांबला. कडव्यामागून कडवं त्या गात गेल्या. कुठं अडल्या नाहीत. मंडळातल्या बायका त्यांच्यामागं निवांत जात होत्या.

झाल्यावर मेश्राम साहेब आले. "वहिनी, वा! पुढच्या वर्षी भी तुम्हीच." मग काकांकडं वळून म्हणाले, "पण रामटेके, तुमची गिटार तं मागं कोणाले ऐकूच नाही आली."

"चालते," काका म्हणाले आणि वायर गुंडाळायला लागले.

एवढ्यात काकू उठून आल्या. आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज नसतो. चार माणसांत, घामेजल्या तोंडानं, जरा रागावूनच म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात चुकले तुम्ही!"

काकांचे हात वायरवर थांबले. साहेबांसमोर, मंडळासमोर, सगळ्यांसमोर बायकोनं चूक काढली होती. म्हणजे ती तिला ऐकू आली होती. त्यांनी वर बघितलं आणि मोठ्यानं, तोंड तिच्याकडं करून विचारलं, "कुठं चुकलो?"

काकूंनी ती ओळ गुणगुणून दाखवली.

"कुठं?" काकांनी परत विचारलं.

त्यांनी परत दाखवली.