पहिलं हसरं तोंड

मी फक्त एक बटण दाबलं. एक! त्यावरून एवढं रामायण होईल हे मला काय स्वप्न पडलं होतं?

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई गेल्यापासून घरात ते 'मीठ दे' एवढंच बोलतात. पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरले की गातात. तिथे आवाज घुमतो म्हणे. त्यांच्याबरोबरच्या वायरमनने गुपचूप व्हिडिओ काढला आणि ऑनलाइन गाण्याच्या स्पर्धेत ठोकून दिला. डोक्यावर हेल्मेट, गालाला ग्रीस आणि आईचं आवडतं गाणं. ज्याला जास्त बदाम (ते लाल हृदय दाबतात ना, ते), तो पुढच्या फेरीत.

दिवसभरात बदाम किती? शून्य. मला कसंतरीच वाटलं. म्हटलं, आपणच बोहनी करू. आता सरळ बदाम द्यावा ना? पण सरळ वागलो तर मी कसला! खोट्या नावाच्या खात्यावरून हसरं तोंड दाबलं आणि खाली लिहिलं, 'काका, लिफ्ट अडकली की गळा?'

(मला तेव्हा ते जाम भारी वाटलं होतं.)

लोक म्हणजे मेंढरं. एकाने दात काढले की सगळ्यांचे बाहेर. संध्याकाळपर्यंत तीनशे हसरी तोंडं!

जेवताना बाबा म्हणाले, "अरे, तीनशे लोक हसले. आवडलं वाटतं."

"हो, मग!"

"तुझी आई पण हसायची मी गायला लागलो की."

बाबांनी त्या रात्री भांडी घासताना चक्क दोन ओळी म्हटल्या. घरात! वर्षभराने!

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. स्पीकर चालू. "दादा, काढ तो व्हिडिओ. लोक टिंगल करतायत तुझी. कळत कसं नाही तुला?"

"टिंगल?" बाबा म्हणाले. मग म्हणाले, "बरं. सांगतो वायरमनला काढायला."

संपलं. भांडी मुकाट्याने घासली.

मग मी कामाला लागलो. शाळा बुडवून (तशी ती बुडालेलीच असते) चाळीस खोटी खाती उघडली. फोटो म्हणून नळ, उशी, स्वतःचा अंगठा, जे दिसेल ते लावलं. चाळीस बदाम! 'वा काका', 'रडवलंत काका', सगळं मीच. बोटं सुजली.

संध्याकाळी स्पर्धावाल्यांचा निरोप आला: खोटे बदाम सापडले, व्हिडिओ रद्द.

बाबा खुर्चीत बसले होते. अंगात अजून कामाचेच कपडे. "मी कुणाला बदाम द्यायला सांगितलं नव्हतं रे," म्हणाले. "आता लबाड पण ठरलो. बघ जरा, काय लिहिलंय नीट."

मी त्यांचा फोन घेतला. निरोप वायरमनने पुढे पाठवला होता आणि वर बाबांच्या खात्याचं नाव होतं, 'गुलाबपाकळी'.

आता ऐका. मीही खोड्यांचे व्हिडिओ टाकतो. दाराच्या कडीला साबण, मास्तरांच्या खुर्चीला डिंक, असले. बघणारं कुत्रं नाही. पण एक गुलाबपाकळी प्रत्येक व्हिडिओला बदाम द्यायची. वर्षभर. न चुकता. तिच्यासाठी मी केसांना तेल लावायचं सोडलं होतं.

"बाबा, हे... तुम्ही?"

"वायरमनने उघडून दिलं होतं. तुझ्या व्हिडिओला कुणीच काही देत नव्हतं. शून्य बघून कसंतरीच वाटायचं."

मग मला राहवलं नाही. सगळं ओकलो. अंगठा, उशी, चाळीस बदाम. आणि ते पहिलं हसरं तोंड.

वाटलं, कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. बाबांनी फोन घेतला, खिशात ठेवला आणि आत गेले.

पंधरा दिवस झाले. कालच मी नवा व्हिडिओ टाकला. बदाम शून्य.

मी गुलाबपाकळीला तीनदा विचारलं होतं, 'भेटायचं का?' तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, 'आधी गणितात पास हो.' मला वाटायचं, पोरगी शिकलेल्या घरातली आहे. आयुष्यात एकुलती एक पोरगी माझ्याशी बोलायची, आता तीही बोलत नाही. शेजारच्याच खोलीत असते.