उखा आबांच्या वहाणा आणि बिनखडीचा रूळ

उखा आबांना जावई पसंत होता, पण त्याचा रूळ पसंत नव्हता.

आबांची उभी हयात ताप्ती लाइनवर, दोंडाईच्याच्या बाजूला, रुळाखाली खडी ठोकण्यात गेली होती. गँगमन म्हणून लागले, मुकादम होऊन निवृत्त झाले आणि सुरतेत गोडादऱ्याला मुलाकडे राहायला आले. योगेंद्र त्यांच्याच भागातला, डिप्लोमा झालेला, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला होता. आबांच्या मुलीला, हर्षदाला, तो आवडला होता हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिच्या आईनं, भागीरथीबाईंनी, तर मनातल्या मनात रुखवतही मांडून ठेवला होता. सगळं जुळत आलं आणि चहा पिता पिता योगेंद्रनं आपल्या कामाबद्दल तोंड उघडलं.

“मिलमधला ट्रॉलीचा रूळ नवीन करतोय, आबा. खडी पूर्ण काढून टाकली. आता खाली नुसतं डांबर.”

आबांचा चहा बशीतच राहिला. “खडीबिगर?”

“हो ना. जमीन काळी, त्यात रंगाचं पाणी. खडी दर पावसाळ्यात चिखलात जाते, रूळ वाकडा होतो, ट्रॉली कलंडते आणि साड्यांचे तागे गटारात. आता मुरूम दाबला, त्यावर डांबराचे दोन थर रोलर फिरवून बसवले, त्यावर सिमेंटचे स्लीपर आणि वर रूळ. पाणी खाली उतरणारच नाही. एकदम टिकाऊ काम.”

“खडी म्हनजे रूळनी गादी रे भो. गाडीना दणका तीच खाई लेस. तुनं डांबर काय खाई?”

“डांबरही थोडं दबतं, आबा. दबतं आणि परत वर येतं.”

“परत येसू असं तर समदाच सांगतस,” आबा म्हणाले. “दोन पावसाळामा बसी जाई तुना रूळ. पोर देवानी गोट नंतर. पहिले तो रूळ दखसू.”

ते दिवस सुरतेत डांबराचेच होते. प्लेगच्या भीतीनं ओस पडलेलं शहर परत भरलं होतं आणि पालिका गल्लीबोळ धुऊन-पुसून रस्ते करत सुटली होती. जिकडे जावं तिकडे रोलर आणि डांबराचा वास. योगेंद्रलाही त्यातूनच कल्पना सुचली होती. शेठनं ‘करून बघ’ म्हटलं होतं, पण नीट झालं नाही तर पुन्हा खडी टाकायची, हेही बजावलं होतं. बिचाऱ्याचं काम आणि लग्न असं दोन्ही एकाच रुळावर येऊन उभं राहिलं.

अखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली. शेठला दिवाळी ठाऊक, उत्तरायण ठाऊक, अखाजी कशाशी खातात याचा पत्ता नव्हता. योगेंद्रला सुट्टी मिळाली नाही. सणाच्या दिवशी होणारा जावई कँटीनचं खाणार ही गोष्ट भागीरथीबाईंना सहन होईना. त्यांनी खापरावरचे मांडे फडक्यात बांधले, पातेलंभर आमरस घेतला आणि नवऱ्याला व हर्षदाला रिक्षात घालून पांडेसरा गाठलं. आमरसाचं पातेलं आबांनी स्वतः मांडीवर धरलं होतं, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. पायात अखाजीला घेतलेल्या नव्याकोऱ्या, टायरच्या तळाच्या वहाणा होत्या.

मिलच्या आवारात रूळ वैशाखाच्या उन्हात चमकत होता. योगेंद्र शेडमधून धावत आला तोवर आबा पातेल्यासकट रुळाच्या मधोमध पोचले होते. जुन्या गँगमनची एक खोड असते. दोन स्लीपरच्या मधल्या जागेत उभं राहायचं आणि टाच आपटून खडी घट्ट बसलीय का पाहायचं. खडी नाही हे आबांना ठाऊक होतं, त्यांच्या टाचेला ठाऊक नव्हतं. त्यांनी एक पाय दणकन आपटला, मग दुसरा.

“आबा, तिथं नको,” योगेंद्र ओरडला, पण उशीर झाला होता.

खालचे थर पक्के होते. पण स्लीपरच्या मधल्या फटी भरायला कालच मऊ डांबर ओतलं होतं आणि त्यावर वाळू पसरायची राहिली होती. वाळू पसरणारी मंडळी सगळी खानदेशातली. ती अखाजीला गावी गेली होती. आबांनी पाय उचलला, तो आला नाही. दुसरा उचलला, तोही आला नाही.

“वहाणांतून पाय काढा ना, आबा,” हर्षदा म्हणाली.

“आनि ठेवू कोठे? तव्यावर?” रूळ तापलेला, स्लीपर तापलेले, भोवती काळं डांबर. हातात काठोकाठ आमरस. आबा देवळापुढच्या दीपमाळेसारखे उभे राहिले.

भागीरथीबाईंनी पदर खोचला. “घासलेट लई या कोनी. घासलेटवरी डांबर लगेच सुटस.”

एक कामगार डबा घेऊन धावला. योगेंद्र आडवा झाला आणि त्यानं डबा काढून घेतला. “घासलेट नाही, काकू. डांबर विरघळेल. खालच्या थरात मुरलं तर रूळ गेला.”

“माणूस उनमा भाजाई ऱ्हायना आनि तुले डांबरनी पडेल शे? चल वं हर्षदा. आसा घरमा पोर द्यावानी नही.”

हर्षदानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि हळूच छत्री उघडून आबांच्या डोक्यावर धरायला रुळाच्या काठाशी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. योगेंद्रनं ते पाहिलं, त्याचा चेहरा उतरला, पण घासलेटचा डबा त्यानं हातातून सोडला नाही.

“पाच मिनिटं द्या,” एवढंच म्हणाला आणि शेडकडे पळाला.

परत आला तो ओल्या साड्यांच्या ताग्यांनी गच्च भरलेली ट्रॉली ढकलत. ट्रॉली बरोबर आबांच्या गुडघ्यांमागे येऊन थांबली. “आबा, मागे बसा. बसल्या बसल्या पाय काढून घ्या.”

आबा बसले. पाय सुटले, वहाणा राहिल्या. ओले तागे, वर आबा, आबांच्या मांडीवर आमरस, असं सगळं लटांबर त्या रुळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. आबा डोळे मिटून होते. लाइनवर ट्रॉलीत बसताना सांध्याचा प्रत्येक दणका ते कमरेनं मोजत. इथं कंबर काही बोललीच नाही. ट्रॉली थांबल्यावर त्यांनी पातेल्यात पाहिलं. रस काठोकाठ होता, फडक्यावर थेंबसुद्धा नव्हता.

“आवं, चाला घर,” भागीरथीबाई फणफणल्या. “पाहिला ना जवाई?”

“पाहिला,” आबा म्हणाले. “सासराले उनमा उभा ठेवा, पन रूळले घासलेट लागू दिधं नही. आसा माणूस लाइनवर मी एकबी पाहिना नही. पोर आठेच देसू.” मग जरा थांबून म्हणाले, “रूळ मातर दोन पावसाळामा बसी जाई.”

लग्न झालं. वहाणा उपटल्या असत्या तर डांबराचा खपला निघाला असता, म्हणून योगेंद्रनं वरचे पट्टे कापले आणि तळ तसेच राहू दिले. पुढे दर पावसाळा संपला की आबा मिलमध्ये जाऊन रुळाला डोळा लावून तो खचलाय का पाहत. रूळ बसला नाही. तिसऱ्या वर्षापासून ते आल्या-गेल्याला सांगू लागले, “चाला, मना रूळ दखाडस.” आता त्यांनी त्यात घातलं काय होतं तर दोन वहाणा, पण योगेंद्रनं कधी हरकत घेतली नाही.

आबा गेल्यावरच्या पहिल्या अखाजीला, पितरांसाठी भरतात तशी, घरी त्यांच्या नावाची घागर भरली. संध्याकाळी भागीरथीबाई म्हणाल्या, “तठे नेशी का रे मले?” योगेंद्र आणि हर्षदा त्यांना मिलमध्ये घेऊन गेले. स्लीपरच्या मधे टायरचे ते दोन तळ अजून होते, उन्हानं पांढुरके पडलेले, टाचा नीट जुळवलेले. भागीरथीबाई बराच वेळ खाली बसून त्यांच्यावरून हात फिरवत राहिल्या.

पाहणाऱ्या कामगाराला वाईट वाटलं. “काकी, आठवण म्हणून काढून देऊ का? जरासं घासलेट लावलं की लगेच निघतील.”

“नको रे भो,” भागीरथीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “घासलेट नको. तेस्ना रूळ खराब होई.”